घासणे वेगळे, झिजणे वेगळे

विद्यार्थी मित्रांनो, या लेखाची सुरुवात मी माझ्या एका चुकीने करणार आहे. चूक घरातली आहे, पण ती पदार्थविज्ञानाची आहे, म्हणून तुम्हाला सांगण्याजोगी आहे.

मी नांदेडच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. माझे गाव लातूर जिल्ह्यात. महिन्यातून दोनदा शनिवारी एस.टी.त बसून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत घरी जातो. चार वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी आई म्हणाली, "गाडीच्या आसाचं वंगण सरलं की कशी करकर वाजते, तसं झालंय बघ माझ्या गुडघ्याचं." तिचा जन्म खुरपणीत आणि कापसाच्या वेचणीत गेलेला. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "मग चालू नकोस, आई. जितकी चालशील तितके घासेल, आणि जितके घासेल तितके झिजेल."

मुलगा पदार्थविज्ञानाचा एम.एस्सी.! आईने ऐकले. शेजारच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनीही ऐकले. दोन वर्षे आई ओसरीवर बसून राहिली. तिचे वजन वाढले, मांड्या वाळल्या, आणि गुडघे पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागले. शेवटी तिला अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी तपासले आणि विचारले, "यांना बसवून कोणी ठेवले?" मी म्हणालो, "मी." "आपण काय करता?" "पदार्थविज्ञान शिकवतो." डॉक्टर काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

माझ्या त्या एका वाक्यात दोन समजुती दडल्या होत्या. पहिली, गुडघा म्हणजे बैलगाडीचा आस. दुसरी, जे जास्त घासते ते जास्त झिजते. दोन्ही इतक्या सरळ वाटतात की त्या तपासाव्यात असे कोणाच्या मनात येत नाही. माझे म्हणणे असे की, ज्या गोष्टी न मोजताच खऱ्या वाटतात, त्या आधी मोजल्या पाहिजेत. सांध्यांच्या घर्षणाची कथा हेच शिकवते.

गुडघ्याचा घर्षणांक किती?

घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले लंबबल, हे सूत्र तुम्हाला पाठ असेल. मी वर्गात विचारतो, "मग तुमच्या गुडघ्याचा घर्षणांक किती असेल?" कोणी ०.५ म्हणतो, कोणी ०.२. एखादा धीट मुलगा ०.१ पर्यंत खाली येतो.

आता हे आकडे पाहा. कोरड्या पोलादावर कोरडे पोलाद घासले तर घर्षणांक सुमारे ०.६. लाकडावर लाकूड, ०.३ च्या आसपास. पोलादावर टेफ्लॉन, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावरचा लेप, सुमारे ०.०४. बर्फावर बर्फ, सुमारे ०.०३. आणि निरोगी सांधा? निरनिराळ्या प्रयोगांत निघालेले बहुतेक आकडे ०.००१ ते ०.०३ या टापूत आहेत. म्हणजे शाळेत धावत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गुडघ्यात बर्फाहूनही निसरडी अशी जागा असते!

ही जागा म्हणजे हाडांच्या टोकांवरचे कूर्चेचे आवरण. काही पुस्तकांत हिलाच कास्थी म्हणतात. गुडघ्यात ती दोन ते चार मिलिमीटर जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि चेतातंतूही नाहीत. तिच्या वजनाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग नुसते पाणी असते. पाण्याने भरलेली ही पातळशी गादी आयुष्यभर आपला भार सोसते.

दोलकाने दिलेली साक्ष

हा आकडा मोजला कसा? तुमच्या प्रयोगशाळेतल्या सर्वांत साध्या साधनाने, म्हणजे दोलकाने. इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात जोन्स नावाच्या संशोधकाने बोटाच्या सांध्याचा टेकू करून त्यावर दोलक झुलवला आणि झोके कसे कमी होत जातात ते नोंदवले.

त्यामागचे तत्त्व दहावीच्या गणितात आहे. टेकूवर दोन घन पृष्ठभाग एकमेकांवर घासत असतील, तर प्रत्येक झोक्याला आयाम सारख्याच प्रमाणात घटतो: २० अंश, १८, १६, १४. ही झाली अंकगणिती श्रेढी. टेकूत द्रवाचा थर असेल आणि त्याचा विरोध वेगाच्या प्रमाणात असेल, तर आयाम सारख्याच पटीने घटतो: २०, १८, १६.२, १४.६. ही भूमिती श्रेढी. म्हणजे सांधा न उघडता, केवळ झोके मोजून, आत काय चालले आहे याचा अंदाज करता येतो.

जोन्सला भूमिती श्रेढी दिसली. त्याने निष्कर्ष काढला की, सांध्यात द्रवाचा थर असतो. पुढे १९५९ च्या सुमारास जॉन चार्नली या शल्यविशारदाने तोच प्रयोग शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या अवयवांच्या सांध्यांवर केला. त्याने सांध्याभोवतालचे अस्थिबंध कापून टाकले आणि त्याला अंकगणिती श्रेढी मिळाली. त्याचे म्हणणे असे की, जोन्सने मोजला तो विरोध बराचसा ताणल्या जाणाऱ्या अस्थिबंधांचा होता. साधन तेच, तत्त्व तेच, पण आपण नेमके काय मोजतो आहोत या प्रश्नावर निष्कर्ष उलटला.

हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. एका टोकाला भोक असलेली लाकडी पट्टी घ्या. भोकात जेमतेम बसेल असा गुळगुळीत खिळा भिंतीत आडवा ठोका आणि त्यावर पट्टी अडकवा. खालच्या टोकाला दोन नाणी चिकटवा. मागे कागदावर अंश आखा. पट्टी २० अंशांवरून सोडा आणि प्रत्येक पूर्ण झोक्यानंतर ती कोठवर येते ते लिहा. घट साधारण सारखी आली, तर घर्षणांक असा काढा: एका पूर्ण झोक्यातली घट (रेडियनमध्ये) गुणिले खिळ्यापासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर, भागिले खिळ्याच्या त्रिज्येची चौपट. गुरुत्वमध्य शोधण्यासाठी नाण्यांसकट पट्टी बोटावर आडवी तोलून धरा.

समजा, घट एक अंश, म्हणजे ०.०१७५ रेडियन आहे, अंतर २० सें.मी. आहे आणि त्रिज्या ०.२ सें.मी. आहे. उत्तर येईल सुमारे ०.४४. आता कल्पना करा, त्याच पट्टीला ०.०१ घर्षणांकाचा सांध्यासारखा टेकू मिळाला, तर दर झोक्याची घट चौवेचाळीस पटींनी लहान होईल. सांधा किती निसरडा आहे, हे तेव्हा कळते. नुसता ०.०१ हा आकडा वाचून कळत नाही.

भार कोण उचलतो?

कूर्चा इतकी निसरडी का? याचे एक सुंदर उत्तर केंब्रिजच्या मॅककचेन याने १९५९ साली सुचवले. त्याने कूर्चेचा तुकडा काचेवर दाबून घासला. सुरुवातीला घर्षण अगदी कमी होते. भार तसाच ठेवला, तर मिनिटामिनिटाला ते वाढत गेले. भार काढून कूर्चेला पुन्हा द्रव पिऊ दिला की ते पुन्हा कमी झाले.

सायकलच्या ट्यूबचा विचार करा. तुमचे वजन रबर पेलते का? नाही, ते आतली दाबलेली हवा पेलते. हवा गेली की तेच रबर जमिनीशी चिरडते. कूर्चेत हवेच्या जागी पाणी आहे. भार पडला की पाण्यावर दाब येतो, आणि कूर्चेची छिद्रे इतकी बारीक असतात की ते पाणी चटकन बाहेर पडू शकत नाही. पुढील काळात हा दाब प्रत्यक्ष मोजण्यात आला. भार पडल्यावर सुरुवातीला नव्वद टक्क्यांहून अधिक वजन पाणीच पेलते, असे दिसले. घन भागावर उरतो तो थोडासा लंबबल. लंबबलच थोडा, म्हणून घर्षणबलही थोडे.

आता माझ्या आईकडे पाहा. एकाच जागी दीर्घकाळ दाबून ठेवलेल्या कूर्चेतले पाणी हळूहळू निघून जाते. हालचालीत भार पडतो, उठतो, पुन्हा पडतो, आणि कूर्चा पुन्हा द्रव शोषून घेते. रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचे अन्नही या द्रवातूनच येते. बैलगाडीचा आस वापराने केवळ झिजतो, बेताच्या हालचालीने त्याचे पोषण होत नाही. कूर्चेचे होते. 'चालू नकोस' म्हणताना मी एका जिवंत उतीचे जेवण बंद करीत होतो!

चार्नलीची चूक

माझी दुसरी समजूत, की कमी घर्षण म्हणजे कमी झीज. या बाबतीत मी एकटा नाही, चार्नलीसारखा मोठा माणूसही फसला होता.

त्याच्याकडे एक रुग्ण आला होता. खुब्यात ॲक्रिलिक प्लॅस्टिकचा कृत्रिम गोल बसवलेला. हा गृहस्थ वाकला की खुबा असा किंचाळे की जेवणाच्या टेबलाशी त्याची बायको त्याच्याजवळ बसेना. आवाज म्हणजे घर्षण, हे चार्नलीने ओळखले आणि त्याने कमी घर्षणाचा पदार्थ शोधायचे ठरवले. टेफ्लॉन मिळाले. घर्षणांक ०.०४. याहून चांगले काय हवे? १९५८ च्या सुमारास त्याने टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. रुग्ण चालू लागले, आनंदी झाले. अशा सुमारे ३०० शस्त्रक्रिया झाल्या.

दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजू लागल्या. टेफ्लॉनचा भुगा भोवतालच्या मांसात शिरला, आणि तेथे दाह होऊन गाठी झाल्या. एकेका रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. शरीर या भुग्यावर कसे उठते ते पाहण्यासाठी चार्नलीने त्याचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले. तुम्ही असले काही करू नका, पण आपली चूक स्वतःवर तपासण्याची त्याची वृत्ती ध्यानात ठेवा.

चूक कोठे होती? घर्षण मोजले होते, झीज मोजली नव्हती. झिजेचा साधा नियम आर्चर्डने १९५३ साली मांडला होता: झिजलेले आकारमान भाराच्या आणि सरकलेल्या अंतराच्या सम प्रमाणात, आणि कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. या सूत्रात एक झीज-स्थिरांकही आहे, आणि तो प्रत्येक जोडीसाठी प्रयोगानेच काढावा लागतो. सूत्र नीट पाहा. त्यात घर्षणांक कोठेच नाही!

मग १९६२ साली एक विक्रेता एका नव्या, घट्ट पॉलिएथिलीनचा नमुना घेऊन आला. ते कापडाच्या मागांच्या दंतचक्रांसाठी वापरले जाई. आता बंद असलेल्या नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत ज्यांच्या घरच्यांनी नोकरी केली, त्यांना मागावरचे दंतचक्र किती मार खाते हे सांगायला नको. चार्नलीला नमुन्यात रस वाटला नाही. पण त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितके हे पॉलिएथिलीन तीन आठवड्यांतही झिजले नाही. घर्षण मात्र टेफ्लॉनपेक्षा जास्त होते! नोव्हेंबर १९६२ पासून चार्नलीने याच पदार्थाच्या वाट्या बसवल्या. घर्षणाचा आघूर्ण कमी राहावा म्हणून धातूचा गोल अवघ्या २२ मि.मी. व्यासाचा ठेवला. तुमच्या पट्टीच्या प्रयोगात खिळ्याची त्रिज्या लहान असली की घट कमी येते, तेच हे तत्त्व. आजही जगभर खुबे आणि गुडघे बदलताना बहुधा सुधारलेले पॉलिएथिलीनच वापरतात.

मग वंगण खोटे का?

तुम्ही म्हणाल, सर, मग घर्षणाचा आणि झिजेचा काही संबंधच नाही का? तसेही नाही. सांध्यातल्या द्रवात लुब्रिसिन नावाचे एक प्रथिन असते. काही मुलांच्या शरीरात जन्मापासून ते तयारच होत नाही. त्यांची बोटे वाकडी होतात, सांधे लहानपणीच बिघडतात. यामागचा जनुकदोष १९९९ साली सापडला. लुब्रिसिन नसलेल्या उंदरांचे गुडघे दोलकावर तपासले, तेव्हा घर्षण वाढलेले दिसले. त्याच सांध्यांतल्या कूर्चेचा पृष्ठभागही झिजलेला आढळला. हे काम २००७ साली प्रसिद्ध झाले. येथे घर्षण आणि झीज हातात हात घालून चालतात. पण हे छातीठोकपणे सांगता आले, कारण एकाच सांध्यात दोन्ही मोजली होती.

म्हणजे आईचा 'वंगण' हा शब्द अगदीच खोटा नव्हता. मात्र हे वंगण पेशी आतच तयार करतात. बाटलीतले तेल कातडीवर चोळून ते सांध्याच्या पोकळीत पोचत नाही. चोळल्याने बरे वाटत असेल तर जरूर चोळावे, पण 'वंगण वाढवणारे तेल' अशी जाहिरात दिसली, की कोणी काय मोजले आहे असे विचारावे.

आणखी एक आकडा सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन पाहणी केली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंची दुखणी होती. त्यांत संधिझिजेचा विकार मात्र एकूण प्रौढांपैकी सुमारे ६ टक्क्यांनाच निघाला. म्हणजे दुखणाऱ्या तिघांपैकी एकाचाच सांधा 'झिजलेला'. बाकीच्यांचे कारण वेगळे. शिवाय साध्या क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसतच नाही, दिसते ती दोन हाडांमधली फट. झिजेतही केवळ घासण्याचा हिशेब नसतो. वय, आनुवंशिकता, जुनी दुखापत, दाह, अंगावरचे वजन, उकिडवे बसून किंवा ओझी वाहून केलेली कष्टाची कामे, सगळे त्यात येते.

वजनाचेही मोजमाप झाले आहे. कृत्रिम गुडघ्यात बलमापक बसवून पाहिले, तेव्हा सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, आणि जिना उतरताना सुमारे साडेतीन पट भार येतो असे आढळले. अंगावरचे एक किलो कमी झाले, तर गुडघ्यावरचे प्रत्येक पावलाला अडीच किलो कमी होतात. 'बसून राहा' या माझ्या सल्ल्याने आईचे वजन वाढले होते, हे येथे आठवा.

शेवटी थोडे आपल्या वर्गाबद्दल

लातूर आणि नांदेड ही आता परीक्षांची गावे झाली आहेत. लांबलांबून मुले येथे प्रवेश परीक्षांच्या तयारीला येतात, आणि त्यांतली पुष्कळ पुढे डॉक्टर होतात. या यशाचा मला अभिमान आहे. पण घर्षणाची चाळीस उदाहरणे एका तासात सोडवणाऱ्या मुलाने एकदाही स्वतः घर्षणांक काढलेला नसतो, याचे भय वाटते. उद्या त्याच्यासमोर कोणाची तरी आई बसलेली असेल. सूत्र मलाही पाठ होते, आणि मी माझ्या आईला दोन वर्षे ओसरीवर बसवले.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. घर्षणाचा धडा आला की एक तास खिळा, पट्टी आणि नाण्यांना द्या. उत्तर ०.४ आले की ०.३, याची चिंता करू नका. दोन गटांची उत्तरे वेगळी आली, तर का वेगळी आली यावर मुलांना भांडू द्या. जोन्स आणि चार्नली यांचे भांडण याच जातीचे होते. आणि विद्यार्थी मित्रांनो, 'झिजले', 'संपले', 'सरले' असे कोणी म्हणाले की हसू नका, लगेच मानही डोलावू नका. मोजले कोणी, आणि काय मोजले, एवढे विचारा. दुखणे असेल तर मात्र डॉक्टरांकडे न्या. माझ्यासारखे घरीच निदान करू नका.

आईचे गुडघे अजून दुखतात. गेलेली कूर्चा परत आलेली नाही, तशी ती सहसा येतही नाही. पण डॉक्टरांनी शिकवलेले मांड्यांचे व्यायाम ती रोज करते आणि सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाते. गेल्या खेपेला मी बसमधून उतरलो, तर ती फाट्यावर उभी होती. म्हणाली, "वाट बघत उभं राहिलं की दुखतं रे. चालायला लागलं की बरं वाटतं."

मॅककचेनने काचेवर कूर्चा घासून जे पाहिले, त्याची मला आठवण झाली. घरापर्यंत आम्ही दोघे चालत गेलो.